पॅकेट हरवलं की टीसीपी कसं सावरतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेटवर्कवर काम करणाऱ्यांकडून, नव्याने शिकणाऱ्यांकडून आणि 'बँडविड्थ भरपूर आहे तरी फाइल रांगतेय' म्हणून वैतागलेल्यांकडून नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी तीन शब्द: टीसीपी म्हणजे इंटरनेटवर डेटा पॅकेटांमधून पाठवून तो नीट पोचल्याची खात्री करणारी पद्धत, ॲक म्हणजे पॅकेट मिळाल्याची घेणाऱ्याने दिलेली पोच, आणि विंडो म्हणजे पोच यायच्या आधी एका वेळी वाटेवर असू शकणारी पॅकेटं.

हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवलं की काम झालं. मग वेग कशाला कमी करायचा?

कारण ही दोन वेगळी कामं आहेत आणि टीसीपीला ती एकाच वेळी करावी लागतात. एक, काय हरवलं ते ओळखून भरून देणं. दोन, ज्या कोंडीमुळे ते हरवलं त्या कोंडीत आणखी भर न घालणं. नुसतं पहिलं केलं तर काय होतं, ते १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये दिसलं. लॉरेन्स बर्कली लॅब आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचा बर्कली परिसर यांच्यात अंतर जेमतेम ४०० यार्डांचं. त्या वाटेवरचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. हजार नाही, नुसते ४०.

वाट तुटली नव्हती, उलट ती तुडुंब भरली होती. रांगेत अडकलेल्या पॅकेटचा ॲक वेळेत आला नाही की पाठवणारा तेच पॅकेट पुन्हा ढकलायचा. दुसरी प्रत पहिल्या प्रतीमागे रांगेत उभी राहायची, रांग वाढायची, ॲक आणखी उशिरा यायचा. असं होऊ शकतं हा इशारा जॉन नेगल यांनी १९८४ मध्येच देऊन ठेवला होता. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेला उपाय आजही पाया आहे: वाटेवर जितकी पॅकेटं आहेत तितकीच राहू द्यायची, एक बाहेर पडलं तरच नवं आत सोडायचं, आणि हरवल्याची खूण दिसली की हात आखडता घ्यायचा.

'एक बाहेर पडलं' हे कळतं ॲकवरून. ॲक ज्या लयीत परत येतात त्याच लयीत नवी पॅकेटं निघतात. याला ॲकचं घड्याळ म्हणतात. नंतरच्या जवळजवळ प्रत्येक सुधारणेमागे धडपड एकच आहे: काहीतरी हरवलेलं असतानाही हे घड्याळ बंद पडू द्यायचं नाही.

पॅकेट हरवलं हे पाठवणाऱ्याला सांगतं कोण?

कोणीच नाही. ज्या राउटरने ते टाकून दिलं तो गप्प असतो. घेणाऱ्याला एवढंच दिसतं, की मधला एक तुकडा नाही आणि पुढचे येताहेत. पाठवणारा परिस्थितीजन्य पुराव्यावर निर्णय घेतो. पुरावे मुख्यतः दोन प्रकारचे: पुढची पॅकेटं पोचल्याची खबर येतेय पण मधल्याची नाही, किंवा कसलीच खबर नाही आणि वेळ संपली. पहिल्या पुराव्यात घड्याळ चालू असतं, दुसऱ्यात ते थांबलेलं असतं. वसुली, म्हणजे हरवलेलं भरून काढणं, सोपी की महाग, ते यावरच ठरतं.

तीन डुप्लिकेट ॲकच का? एक पुरेसा नाही का?

एक डुप्लिकेट ॲक म्हणजे 'मला अजून ४ नंबरचंच हवंय, पण दुसरं काहीतरी आलं'. ४ हरवलं असेल, किंवा वाटेत ५ ने त्याला मागे टाकलं असेल. इंटरनेटवर पॅकेटं मागेपुढे होणं नियमात बसतं. एकावर धावलो तर विनाकारण प्रत जाते आणि विंडोही विनाकारण कापली जाते. दहा येईपर्यंत थांबलो तर छोट्या विंडोत तेवढे ॲक कधी येतच नाहीत. तीन हा अनुभवावरून धरलेला मध्य आहे. त्यामागे कुठलंही प्रमेय नाही.

छोट्या विंडोची अडचण मात्र तीनवरही उरते. चारच पॅकेटं वाटेवर असतील आणि त्यातली दोन हरवली, तर डुप्लिकेट ॲक जास्तीत जास्त दोनच येणार. म्हणून २००१ मध्ये एक साधी सोय आली: पहिल्या दोन डुप्लिकेट ॲकवर प्रत्येकी एक नवं पॅकेट सोडायचं. ते पोचलं की त्याच्यामुळे आणखी एक डुप्लिकेट ॲक तयार होतो आणि तीनचा आकडा गाठता येतो.

प्रत्यक्षात पॅकेटागणिक काय घडतं? आकडे घेऊन दाखवाल का?

टीसीपीची रेनो ही १९९० ची आवृत्ती घेऊ. विंडो १० पॅकेटांची आहे. वर सांगितलेली २००१ ची सोय बाजूला ठेवू, आणि दर ॲकमागे वाढणारी थोडी विंडोही.

१ ते १० पाठवली. त्यातलं ४ राउटरने टाकलं. १, २, ३ चे ॲक आले, त्यांच्यावर ११, १२, १३ सुटली. आता वाटेवर ४ ते १३ अशी दहा पॅकेटं आहेत असं पाठवणारा समजतो. मग ५ पोचतं, ॲक म्हणतो '४ द्या'. ६ पोचतं, '४ द्या'. ७ पोचतं, '४ द्या'. झाले तीन. पाठवणारा टाइमआउटची वाट न पाहता लगेच ४ ची प्रत पाठवतो, आणि उंबरठा, म्हणजे एसएसथ्रेश, ज्याच्या पुढे विंडो झपाट्याने न वाढता सावकाश वाढते, तो १० च्या निम्म्यावर, ५ वर आणतो.

आता पुढची मेख पाहा. विंडो सरळ ५ केली तर वाटेवर आधीच दहा असल्यामुळे बराच वेळ काहीच पाठवता येणार नाही, आणि ४ भरून निघेपर्यंत लय तुटेल. म्हणून रेनो विंडो ५ अधिक ३, म्हणजे ८ धरतं. तीन डुप्लिकेट ॲक आले म्हणजे तीन पॅकेटं वाटेवरून उतरली, हा त्यामागचा हिशेब. पुढच्या प्रत्येक डुप्लिकेट ॲकवर विंडो एकाने फुगते. ८ आणि ९ पोचल्याच्या ॲकवर ती ९, मग १० होते; पण वाटेवर दहा मोजलेली असल्याने काही सुटत नाही. १० पोचल्याचा ॲक आला की विंडो ११, आणि १४ निघतं. तसंच ११, १२, १३ च्या ॲकवर १५, १६, १७. इतक्यात ४ ची प्रत पोचते. घेणाऱ्याकडे १३ पर्यंतचं सगळं आधीच पडून असल्याने ॲक एकदम उडी मारतो: '१४ द्या'. फुगवलेली विंडो आता खरोखर ५ वर बसते. वाटेवर १४ ते १७ अशी चार आहेत, म्हणून लगेच १८ निघतं आणि गाडी पुन्हा रुळावर.

एक फेरी (पॅकेट जाऊन त्याचा ॲक परत येईपर्यंत), एक प्रत, निम्मा वेग, आणि मध्ये कुठेही पूर्ण शुकशुकाट नाही. याआधीच्या टाहो आवृत्तीत, १९८८ मध्ये, तीन डुप्लिकेट ॲकवर प्रत लगेच जायची, पण विंडो थेट १ वर यायची आणि सगळं स्लो स्टार्टपासून, म्हणजे एका पॅकेटापासून दर फेरीला दुप्पट करत, सुरू व्हायचं.

एकाच विंडोतली दोन-तीन पॅकेटं गेली तर?

इथे मूळ रेनो गडबडतं. वरच्या उदाहरणात ४ सोबत ८ ही गेलं असतं, तर ४ ची प्रत पोचल्यावर ॲक '८ द्या' म्हणाला असता. रेनोला वाटतं, नवा ॲक आला म्हणजे वसुली संपली. ते बाहेर पडतं, मग ८ साठी पुन्हा तीन डुप्लिकेट ॲक जमवायला बसतं, जमलेच तर विंडो पुन्हा निम्मी करतं, आणि अनेकदा टाइमआउटमध्ये जाऊन पडतं.

न्यूरेनोने यावर एक नियम घातला: वसुली सुरू झाली तेव्हा सर्वांत पुढे गेलेला क्रमांक लक्षात ठेवायचा आणि तिथपर्यंतचा ॲक येईपर्यंत वसुली चालूच समजायची. मध्ये अर्धवट ॲक आला तर पुढचं भोक दिसलं असं मानून ते पॅकेट लगेच पाठवायचं, विंडो दुसऱ्यांदा न कापता. मात्र एका फेरीत एकच भोक बुजतं. वीस पॅकेटं गेली असतील तर वीस फेऱ्या.

खरा फरक पडला तो १९९६ मध्ये ठरलेल्या सॅकमुळे. घेणारा 'मला ४ हवंय' एवढ्यावर न थांबता 'माझ्याकडे ५ ते ७ आणि ९ ते १३ आहेत' असं सांगतो. टीसीपीच्या हेडरमध्ये पर्यायांसाठी ४० बाइटच जागा असल्याने असे चारच पट्टे मावतात, आणि टाइमस्टॅम्प, म्हणजे पॅकेटवर पाठवल्याची वेळ लिहिण्याचा पर्याय, चालू असेल, जो बहुधा असतोच, तर तीन. तरी तेवढ्यावर पाठवणारा सगळी भोकं एका फेरीत बुजवू शकतो. मधल्या एखाद्या फायरवॉलने सॅकचा पर्याय कनेक्शन जोडतानाच्या हातमिळवणीतच काढून टाकला, तर कनेक्शन बिनतक्रार न्यूरेनोवर चालतं. कुठे काही मोडत नाही, नुसतं संथ होतं, त्यामुळे महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षातही येत नाही.

विंडो निम्मी करायची म्हणजे वसुलीच्या काळात नेमकं केव्हा काय पाठवायचं?

जुन्या पद्धतीत वसुलीच्या पहिल्या अर्ध्या फेरीत काहीच जात नसे आणि उरलेल्या अर्ध्यात झुंबड. आता लिनक्स पीआरआर हे तंत्र वापरतं, जे २०१३ मध्ये आरएफसी ६९३७ म्हणून आलं (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धती नोंदवणारे क्रमांकित दस्तऐवज). ते मोजतं, की ताज्या ॲकने किती डेटा पोचल्याचं सांगितलं, आणि त्याच प्रमाणात नवं सोडतं. विंडो ७० टक्क्यांवर आणायची असेल तर दर दहा पॅकेटं पोचल्यावर साधारण सात सुटतात. दिसायला क्षुल्लक बदल. पण ॲकच्या घड्याळाची इतकी काळजी दुसऱ्या कुठल्या एका सुधारणेने घेतली असेल असं मला वाटत नाही.

टाइमआउटला सगळे इतके का घाबरतात?

कारण घड्याळ थांबलेलं असतं. वाटेवर काय उरलंय याचा अंदाज नसतो, म्हणून विंडो १ पॅकेटवर येते, उंबरठा निम्म्यावर, आणि स्लो स्टार्टने चढायला सुरुवात. वर, तोपर्यंत वाट पाहण्यात गेलेला वेळ वेगळाच.

तो वाट पाहण्याचा वेळ, म्हणजे आरटीओ, किती? आरएफसी ६२९८ चं सूत्र असं: फेरीच्या वेळेची, म्हणजे आरटीटीची, सरासरी अधिक तिच्या चढउताराची चौपट. सरासरीत नव्या मोजमापाला आठवा हिस्सा मिळतो, चढउताराला चौथा. सरासरी ८० आणि चढउतार १० मिलिसेकंद असेल तर १२० येतात. पण त्याच आरएफसीत 'एक सेकंदापेक्षा कमी नको' अशी शिफारस आहे. लिनक्सने ती मानलेली नाही. तिथे २०० मिलिसेकंदांची खालची मर्यादा आहे आणि ती चढउताराच्या हिश्शाला लागते, म्हणून आपल्या उदाहरणात आरटीओ साधारण २८० दिसेल. एकाच खोलीतल्या दोन सर्व्हरमध्ये फेरीला मिलिसेकंदही लागत नसताना आरटीओ दोनशेच्या वर का दाखवतो, याचंही उत्तर हेच. ज्या कामाला अर्धा मिलिसेकंद पुरतो ते एका टाइमआउटने चारशेपट लांबतं.

पुन्हा पाठवलेलंही हरवलं की आरटीओ दुप्पट, मग चौपट. लिनक्स नेहमीच्या सेटिंगवर असे पंधरा प्रयत्न करतं आणि साधारण ९२४ सेकंदांनी, म्हणजे पंधरा मिनिटांवर, कनेक्शन सोडतं. पलीकडचं मशीन केव्हाच बंद पडलेलं असताना ॲप्लिकेशन लटकून राहतं, त्याचं एक मोठं कारण हेच.

टाइमआउट झाला आणि लगेच मूळ पॅकेटचा ॲक आला. मग?

मग टाइमआउट खोटा होता. मोबाइल नेटवर्कवर टॉवर बदलताना क्षणभर सगळं थांबतं आणि मग धो धो येतं, तेव्हा हे घडतं. आलेला ॲक मूळचा की प्रतीचा, हे साध्या टीसीपीत ओळखता येत नाही. म्हणून पुन्हा पाठवलेल्या पॅकेटवरून आरटीटी मोजायचाच नाही, हा फिल कार्न यांचा १९८७ पासूनचा नियम. टाइमस्टॅम्प असेल तर ॲकसोबत कुठल्या प्रतीची वेळ परत आली ते दिसतं. डीसॅक ही सॅकचीच वाढीव सोय असेल तर घेणारा स्वतःच 'हे मला दुसऱ्यांदा मिळालं' असं कळवतो. एफ-आरटीओ यांपैकी कशाशिवायही टाइमआउटनंतरच्या पहिल्या दोन ॲकवरून अंदाज बांधतं. खोटा टाइमआउट सिद्ध झाला की लिनक्स कापलेली विंडो परत देतं.

विनंती-उत्तराच्या छोट्या व्यवहारात शेवटचंच पॅकेट हरवलं तर?

सगळ्यांत अडचणीची जागा. पुढे काही पाठवलेलंच नाही, म्हणून डुप्लिकेट ॲक यायला कारणच नाही, म्हणून थेट टाइमआउट. वेबवरची बरीचशी उत्तरं छोटी असतात, त्यामुळे हा अपवाद मानून सोडून देता येत नाही.

गुगलच्या इंजिनियरांनी मांडलेली आणि २०२१ मध्ये आरएफसी ८९८५ म्हणून आलेली रॅक-टीएलपी ही जोडी याच्यासाठी आहे. टीएलपी म्हणजे शेपटाची चाचपणी: सुमारे दोन आरटीटी शांतता राहिली की विंडो न कापता एक पॅकेट पाठवायचं, नवं असेल तर नवं, नाहीतर शेवटचंच पुन्हा. त्यावर येणारा ॲक घड्याळ पुन्हा सुरू करतो. रॅकने तीनचा जुना हिशेबच बदलला. क्रमांक मोजण्याऐवजी ते वेळ पाहतं: मागाहून पाठवलेलं पॅकेट पोचलं आणि आधीचं थोडी मुभा देऊनही पोचलं नाही, तर आधीचं हरवलं. ही मुभा सुरुवातीला किमान आरटीटीच्या चौथ्या हिश्शाइतकी असते आणि पॅकेटं मागेपुढे होताना दिसली तर वाढते. प्रत पुन्हा हरवली तरी रॅक ते ओळखतं. डुप्लिकेट ॲक मोजणाऱ्याला तिथे टाइमआउटवाचून गत्यंतर नसे.

सावरल्यावर जुना वेग परत यायला किती वेळ लागतो?

रेनोमध्ये दर फेरीला एक पॅकेट. १०० मिलिसेकंद आरटीटीची वाट आणि विंडो १००० पॅकेटांची असेल, म्हणजे सेकंदाला साधारण ११७ मेगाबिट, तर निम्म्यावरून परत चढायला ५०० फेऱ्या, ५० सेकंद. एवढ्यात पुन्हा एक पॅकेट हरवलं की संपलं.

लिनक्समध्ये २००६ पासून आपोआप निवडलं जाणारं क्यूबिक हे तंत्र पॅकेट हरवल्यावर विंडो निम्मी न करता ७० टक्क्यांवर आणतं, आणि नंतरची वाढ फेऱ्यांवर न ठेवता घड्याळाच्या वेळेवर ठेवतं. त्याच उदाहरणात १००० वर परत यायला त्याला ९ सेकंद लागतात. आधी झपाट्याने, जुन्या कमाल आकड्याजवळ दबकत, आणि तिथे काही बिघडलं नाही तर पुन्हा झपाट्याने.

एक टक्का पॅकेट हरवणं फार आहे का?

फार आहे. १९९७ च्या मॅथिस सूत्राप्रमाणे रेनोसारख्या टीसीपीचा वेग पॅकेटचा आकार भागिले आरटीटी, आणि त्याला हानीच्या, म्हणजे हरवणाऱ्या पॅकेटांच्या प्रमाणाच्या, वर्गमुळाने भागून सुमारे १.२२ ने गुणलेला. १४६० बाइटचं पॅकेट, १०० मिलिसेकंद, एक टक्का हानी: सेकंदाला १.४ मेगाबिट. लाइन गिगाबिटची असो की दहाची. हानी शंभरपट कमी केली तर वेग दहापट, सुमारे १४ मेगाबिट. आरटीटी दहापट कमी केला तरीही तेवढाच फायदा. म्हणून दूरच्या सर्व्हरवरून रडणारं कनेक्शन जवळच्या सर्व्हरवरून त्याच हानीसकट ठीक चालतं.

वायफायवर कोंडी नसतानाही पॅकेट हरवतं. टीसीपी तिथे फसत नाही का?

वाटतं त्यापेक्षा कमी. वायफाय आणि मोबाइल दोन्ही खालच्या थरातच पुन्हा पाठवून पाहतात, त्यामुळे रेडिओतली गडबड वर येताना बहुधा हानीऐवजी उशीर बनून येते. जे उरतं त्यावर मात्र रेनो आणि क्यूबिक कोंडी समजूनच वेग कापतात. गुगलचं २०१६ चं बीबीआर या गृहीतकालाच हात घालतं: हानीकडे न पाहता, वाटेची क्षमता आणि किमान आरटीटी मोजून त्यावरून पाठवायचं. पहिली आवृत्ती हानीला जवळपास किंमतच देत नव्हती. छोट्या बफरच्या वाटेवर ती स्वतः भरपूर पॅकेटं पाडायची आणि शेजारच्या क्यूबिकला दाबायची. पुढच्या आवृत्तीत हानीला वजन दिलं गेलं. त्यामुळे 'बीबीआर लावा, हानीची चिंता सोडा' या सल्ल्यापासून मी चार हात दूर राहीन.

मग राउटरचा बफर मोठा केला की पॅकेट हरवणारच नाही ना?

लवकर हरवणार नाही, पण उशिरा पोचेल, आणि टीसीपीला कोंडीची खबरही उशिरा लागेल. तोवर ते बफर भरत राहील. हीच बफरब्लोटची व्याधी: एक अपलोड चालू आणि घरातल्या सगळ्यांचे कॉल अडखळतात. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांचं २०१२ चं कोडेल हे राउटरची रांग सांभाळण्याचं तंत्र रांगेची लांबी न पाहता पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं ते पाहतं आणि वेळीच एखादं टाकून देतं. ईसीएन चालू असेल तर टाकायचीही गरज नाही: पॅकेटवर खूण केली जाते, घेणारा ती परत कळवतो, पाठवणारा विंडो कापतो आणि पुन्हा काहीच पाठवावं लागत नाही.

क्विकमध्ये हे सगळं वेगळं आहे का?

क्विक हा वेबवर टीसीपीऐवजी वापरला जाणारा नवा प्रोटोकॉल. तत्त्व तेच, हिशेब स्वच्छ. क्विक एकच क्रमांक दोनदा वापरत नाही. तोच डेटा पुन्हा गेला तरी नव्या क्रमांकाच्या पॅकेटातून जातो. मूळचा ॲक की प्रतीचा, हा घोळच संपला. आरएफसी ९००२ नुसार तीन क्रमांक मागे पडलं किंवा आरटीटीच्या ९/८ पट वेळ उलटला की पॅकेट हरवलं असं धरतात. नुसता टाइमर वाजला म्हणून विंडो कोसळत नाही. लांबलचक काळात काहीच पोचलं नाही असं नंतर सिद्ध झालं तरच ती किमान पातळीवर येते.

माझ्या सर्व्हरवर काय चाललंय ते कसं पाहू?

लिनक्सवर एसएस कमांडला टी आणि आय हे पर्याय दिले की दर कनेक्शनची विंडो, उंबरठा, आरटीटी, आरटीओ आणि किती पॅकेटं पुन्हा पाठवली ते दिसतं. एनस्टॅट या कमांडमध्ये पूर्ण मशीनचे आकडे मिळतात. तिथे पुन्हा पाठवलेल्यांची एकूण संख्या पाहून घाबरू नका. त्यातली टाइमआउटवर किती गेली ते पाहा. हजार प्रती टाइमआउटशिवाय, झटपट वसुलीत गेल्या तर वापरणाऱ्याला कळतही नाही, त्यातल्या पन्नास टाइमआउटवर गेल्या तर फोन यायला लागतात. पॅकेट पकडायचे असतील तर पाठवणाऱ्या बाजूला पकडा. घेणाऱ्याच्या बाजूने पाठवणाऱ्याने प्रत नेमकी कशामुळे पाठवली ते कळत नाही.

आणि नेटएम या लिनक्सच्या साधनाने मुद्दाम हानी घालून चाचणी करणार असाल तर ती पाठवणाऱ्याच मशीनवर लावू नका. तिथे टाकलेल्या पॅकेटची खबर टीसीपीला आतल्या आत मिळू शकते आणि ते लगेच पुन्हा पाठवून मोकळं होतं. तुमच्या आलेखात हानी दिसतच नाही. मधल्या राउटरवर किंवा ब्रिजवर लावा.